जॅमसाठी ब्रिक्स मीटर : पट्टी पाहूनच घ्यावा

नाशिकमध्ये ब्रिक्स मीटर कोणाला नवा नाही. हंगामात दिंडोरी-निफाडकडच्या बागेत गेल्यास बागायतदार घडातला एक मणी तोडून मीटरच्या काचेवर पिळतो, नळी उजेडाकडे धरून डोळा लावतो आणि साखर किती भरली ते सांगतो. हेच यंत्र स्वयंपाकघरात आणावे हे मला मात्र साखरांबा एका वर्षी पातळ आणि दुसऱ्या वर्षी दगडासारखा झाल्यावर सुचले.

दगड झाला तो थर्मामीटरमुळे. जॅम १०५ अंश सेल्सिअसला उतरवावा, असे सांगतात ते समुद्रसपाटीचे माप आहे. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते, आणि त्या हिशेबाने पातेले १०३ अंशांलाच खाली यायला हवे होते. एकतारी-दोनतारीचा अंदाज मोरांब्याच्या नुसत्या पाकाला ठीक आहे, पण गर मिसळलेल्या जॅममध्ये बोटांना लागलेला चिकटपणा साखरेचा की फळातल्या पेक्टिनचा, म्हणजे जॅम घट्ट धरवणाऱ्या नैसर्गिक घटकाचा, हे निदान मला तरी ओळखता येत नाही.

खरेदीत पाहायची ती पट्टी, म्हणजे मीटरमध्ये डोकावल्यावर दिसणारी आकड्यांची मोजपट्टी. तिच्यावरचे अंश तापमानाचे नव्हेत, ब्रिक्सचे: साखरेच्या शंभर ग्रॅम पाकात जितके ग्रॅम साखर तितके अंश. बागेतला मीटर बहुधा शून्य ते ३२ अंशांचा असतो, तर जॅम तयार होतो ६५ ते ६८ अंशांवर. म्हणून मी मधासाठी विकला जाणारा, ५८ ते ९० अंशांचा, बॅटरी न लागणारा मीटर चौदाशे रुपयांना मागवला. सोबतच्या कागदावर ‘प्रथम शुद्ध पाण्याने शून्यावर लावून घ्यावे’ असे छापलेले होते; ज्या पट्टीवर शून्यच नाही तिथे ते कसे लावायचे, याचे उत्तर विक्रेत्याकडून दोनदा विचारूनही मिळाले नाही. शेवटी ६५ ग्रॅम साखर ३५ ग्रॅम पाण्यात, वाफ जाऊ नये म्हणून झाकण ठेवून, मंद आचेवर पूर्ण विरघळवली, पाक गार झाल्यावर त्याचा थेंब काचेवर ठेवला आणि आत दिसणाऱ्या निळ्या-पांढऱ्या भागांची सीमा ६५ वर येईपर्यंत वरचा स्क्रू फिरवला. त्यानंतर मीटरने दगा दिलेला नाही.

दगा मीच एकदा करून घेतला. उकळता थेंब तसाच काचेवर टाकला की आकडा कमी दिसतो. तो ६१ दिसला म्हणून मी द्राक्षाचा जॅम आणखी आटवला आणि दुसऱ्या दिवशी बरणीत चमचा वाकला. आता गॅस बंद करून थेंब स्टीलच्या चमच्यात पूर्ण निवू देते आणि मगच पाहते. तापमानाचा फरक हा मीटर स्वतः सांभाळतो, पण तो १० ते ३० अंशांपुरताच, आणि एप्रिलच्या दुपारी आमचे स्वयंपाकघर त्या पलीकडे गेलेले असते; त्यामुळे द्राक्षांचे शेवटचे मणी मी सकाळीच उरकते. सुरगाण्याकडच्या स्ट्रॉबेरीचा गर थेट ठेवल्यास सीमा धूसर होते, म्हणून चहाच्या गाळणीतून निथळलेला रस घ्यावा लागतो.

जॅम धरेल की नाही, हे मात्र या मीटरला कळत नाही. द्राक्षात पेक्टिन कमी असल्याने ६८ अंशांवरही तो पळीवरून पाण्यासारखा ओघळला. किलोभर मण्यांमागे एक करकरीत पेरू आणि एका लिंबाचा रस घातल्यावर तो नीट बसला. पेरूच्या जेलीला अशी मदत लागली नाही.

वर्षाला एखादी बरणी करणाऱ्यांनी चौदाशे रुपये घालवू नयेत, बशीवर थेंब टाकून पाहणे त्यांना पुरेसे आहे. माझ्या वर्षाला वीसेक बरण्या होतात, आणि साखरलेला किंवा बुरशी धरलेला जॅम यंदा एकदाही फेकावा लागलेला नाही. काचेवरचे प्लास्टिकचे झाकण तेवढे बिजागरीपाशी सैल झाले आहे.