गिनीपिगचा दुमजली पिंजरा: सुताराकडून, वेल्डिंगवाल्याकडून, जाळीचे चौकोन जोडून की रॅकच्या अँगलवर?

दोन गिनीपिगना निदान साडेसात चौरस फूट तळ लागतो. साडेदहा मिळाला तर उत्तम. हे माप खालच्या एकाच सलग तळाचं आहे. वर मजला चढवला म्हणून खालचा तळ आखडता घेता येत नाही, आणि पिंजरा दुमजली करायला निघालेल्या बहुतेकांची गल्लत इथेच होते. ससा उड्या मारतो, खार चढते, गिनीपिग धावतो. त्याला कडेकडेने सरळ पळायला लांबी हवी असते. त्याचं मूळ अँडीज पर्वताकडचं असलं तरी तो चढणारा प्राणी नाही. उंचीचा अंदाज त्याला नीट येत नाही आणि दीड-दोन फुटांवरून पडला तरी दात तुटू शकतो, पाय मोडू शकतो. त्यामुळे तीन-चार मजली उभे मनोरे, विशेषतः तारेचा तळ आणि शिडीसारखा चढ असलेले, या तुलनेत मी घेतलेच नाहीत.

आपल्याकडे त्यात उन्हाळ्याची भर पडते. गिनीपिगला साधारण १८ ते २४ अंश मानवतात. २७-२८ अंशांच्या पुढे त्याला त्रास व्हायला लागतो आणि उष्माघाताने तो दगावतोही. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा सहज ४२-४३ ला जातो. दुपारी तीन वाजता पत्र्याच्या खोलीत हात जमिनीजवळ धरून बघा, मग डोक्याच्या वर नेऊन बघा. उंचीवरची हवा किती तापलेली असते ते लगेच कळतं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही स्लॅब तापला की हेच होतं. म्हणून मराठवाड्यात वरचा मजला ठेंगणाच हवा, फार तर फूटभर उंच. त्याखाली जी अंधारी, सावलीची जागा तयार होते, तीच त्या मजल्याची खरी कमाई. उन्हाळ्यात तिथे शहाबादी फरशीचा फूट बाय फुटाचा तुकडा ठेवला की जनावर त्यावर पोट टेकून पसरतं. हा तुकडा पाच-सहा किलोचा भरतो, तेव्हा तो खालीच ठेवायचा, वर नाही.

सुतार जो पिंजरा करून देतो तो दिसायला सगळ्यांत देखणा. अडचण अशी की त्याच्या डोक्यात कपाट असतं: तीन बाजू प्लायवूडने बंद, पुढे जाळीचं दार. आत हवा खेळत नाही, लघवीचा अमोनिया साठतो आणि गिनीपिगची छाती नाजूक असते. सुताराकडूनच करून घ्यायचा असेल तर लाकडाची फक्त चौकट आणि तळ करायला सांगा. निदान तीन बाजू जाळीच्याच हव्यात. खर्च कमी करायला छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीतून भंगारात निघालेली पॅलेटची लाकडं घेता येतील, पण त्यावरचा शिक्का वाचून घ्या. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं, ते कुरतडणाऱ्या प्राण्याच्या तोंडाशी नको. उदईचा (वाळवीचा) उपद्रव असलेल्या जुन्या घरात लाकडी पाय सरळ जमिनीवर टेकवू नका.

वेल्डिंगवाल्याचा पिंजरा ताकदीला पहिला. एक इंची चौकोनी पाइपची फ्रेम आणि जस्ताची वेल्डमेश जाळी (तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी जाळी) म्हटलं की मांजर, मुंगूस, गल्लीतलं कुत्रं कशाचीच भीती राहत नाही. वाड्याच्या ओसरीत किंवा शेतातल्या घरी पिंजरा ठेवायचा असेल तर दुसरा पर्याय शोधत बसू नका. कोंबड्यांची पातळ षटकोनी जाळी मात्र नको, ती कुत्रं दातांनी फाडतं. वेल्डिंगवाल्याला एक गोष्ट ठामपणे सांगावी लागते: तळ जाळीचा करायचा नाही. सशांचे पिंजरे करायची सवय असल्यामुळे तो जाळीचा तळ आणि खाली पत्र्याचा ट्रे सुचवेल, लेंड्या आपोआप खाली पडतात म्हणेल. गिनीपिगच्या तळपायाला केस नसतात. तारेवर त्याच्या पायाला फोड येतात, त्यांच्या जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने बऱ्या होत नाहीत. वेल्डिंगच्या जोडांवर ग्राइंडर मारून घ्या, आतून हात फिरवून बघा आणि जोडांना रेड ऑक्साइडचा गंजरोधक हातसुद्धा लावून घ्या, कारण गंज तिथूनच धरतो. उणं काय, तर हा पिंजरा जड असतो, पुढे बदलता येत नाही, आणि माप न घेता केला तर दारातून आतच येत नाही.

भाड्याच्या घरात, बदलीच्या नोकरीत जाळीचे चौकोन सोयीचे. १४ इंची तारेचे चौकोन केबल टायने बांधायचे, आत सनपॅक शीटचा ट्रे. सनपॅक म्हणजे तेच पोकळ नळ्यांचं प्लॅस्टिक, ज्याचे जाहिरातीचे फलक खांबाखांबांवर दिसतात. कटरने अर्ध्या जाडीपर्यंत रेघ ओढून कडा सहा इंच वर दुमडल्या की झाला ट्रे. दोन बाय चार चौकोनांत साडेदहा चौरस फूट तळ मिळतो. एकमजलीला हे फार छान आहे. दुसरा मजला चढवला की मात्र मधे झोळ येतो, टाय सैल होतात आणि साफ करताना आपलं कोपर टेकलं तरी सगळं हलतं. वरून उघडा ठेवला तर मांजराचं आयतं फावतं.

चौथा पर्याय किराणा दुकानात, गोदामात रोज दिसतो: भोकं पाडलेल्या लोखंडी अँगलचा नट-बोल्टचा रॅक. माझं मत याच्या बाजूने आहे. अँगल हव्या त्या लांबीत कापून मिळतो, मजल्याची उंची भोकागणिक वर-खाली करता येते, घर बदलताना पाना घेऊन सगळं सुटं करता येतं. कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या लावल्या की डुगडुगणं थांबतं. बोल्टची टोकं बाहेरच्या बाजूला काढा आणि अँगलच्या कापलेल्या धारेवर पीव्हीसीची पट्टी चढवा. तळ आणि वरचा मजला प्लायचा, बाजूंना वेल्डमेश.

आता तळाबद्दल, कारण पिंजरा टिकतो की नाही ते इथे ठरतं. दोन गिनीपिगचं वजन मिळून दोन किलोच्या आसपास; त्याने काही मोडत नाही. प्लाय कुजतो तो ओलीने. आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा, १८ मिलिमीटर प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश पाजा, कारण पाणी कडेनेच आत शिरतं. वर लिनोलियमचा अखंड तुकडा अंथरा आणि चारही बाजूंनी चार इंच जाळीच्या आतून वर चढवा. त्याची वर चढवलेली कड पट्टीखाली दाबून टाका, नाहीतर ती कुरतडली जाते. जनावर आणण्याआधी एका कोपऱ्यात ग्लासभर पाणी ओतून रात्रभर ठेवा. सकाळी खालून प्लायवर बोट फिरवा. ओलसर लागलं तर तो कोपरा सिलिकॉनने पुन्हा भरा. गिनीपिगच्या लघवीत कॅल्शियम असतं, ती वाळली की पांढरा थर धरतो. तो घासून निघत नाही. व्हिनेगर टाकून दहा मिनिटं थांबलं की सुटतो.

अंथरुणाचा निर्णयही आपल्या नळावर अवलंबून आहे. फ्लीसचं कापड पायाला मऊ, पण ते सारखं धुवावं लागतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आजही जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे फ्लीस परवडत नाही. जाड वर्तमानपत्र, त्यावर कागदाच्या पट्ट्या आणि वाळलेलं मारवेल गवत हे बरं. सॉ-मिलचा बारीक भुसा नको, त्याची धूळ नाकात जाते.

दोन नर ठेवणार असाल तर वरच्या मजल्याचा पुन्हा विचार करा. चढ एकच असला की वर गेलेला नर कोंडीत सापडतो आणि भांडण रक्तावर येतं. अशा जोडीला एकमजली लांब पिंजराच बरा, आणि दाण्याची वाटी, पाण्याची बाटली दोन-दोन. म्हाताऱ्या किंवा गाभण गिनीपिगलाही चढ नकोच.

बाकीच्यांसाठी अँगलच्या रॅकची मापं देतो. आठ बाय चारच्या एका प्लायमध्ये सगळं बसतं. आधी पाच फुटांवर आडवा काप घ्या. पाच बाय चारच्या तुकड्यातून पाच बाय अडीचचा तळ निघतो, म्हणजे साडेबारा चौरस फूट. उरलेल्या दीड फुटी पट्टीतून तीन फूट लांब, फूटभर रुंद रॅम्प काढा. तीन बाय चारच्या तुकड्यातून अडीच बाय दोनचा वरचा मजला काढा आणि तो १२ इंचांवर बसवा. फूटभर उंचीला तीन फुटांचा रॅम्प म्हणजे साधारण २० अंशांचा चढ, तो गिनीपिगला जमतो. रॅम्पवर जुनी सतरंजी ताणून ठोका, दोन्ही कडांना तीन-चार इंची पट्ट्या लावा आणि वरच्या मजल्याच्या उघड्या बाजूला सहा इंची कठडा करा. रॅम्प बिजागरीवर पक्का करू नका, दोन हुकांवर टांगा. एप्रिल लागला की तो काढून जून उजाडेपर्यंत वरचा मजला बंद ठेवायचा आहे.