पन्हाळा की महाबळेश्वर? बेळगावहून निघणाऱ्यांसाठी

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की आमच्या शहापुरात घरोघरी एकच विषय असतो, यंदा कुठं जायचं? गोवा झालेला असतो, आंबोली तर दर पावसाळ्यात होतेच. मग राहतात पन्हाळा आणि महाबळेश्वर. दोन्ही डोंगरमाथ्यावरची छोटी शहरं, दोन्हीकडं शिवरायांचा इतिहास. मी दोन्हीकडं बरेचदा गेलोय, म्हणून मत आधीच सांगतो. घरात शाळकरी मुलं असतील आणि इतिहास बघायचा असेल तर पन्हाळा. महाबळेश्वर करायचं तर निदान दोन मुक्काम हाताशी असू द्या.

थंड हवेसाठी म्हणाल, तर बेळगावच साडेसातशे मीटरवर वसलंय. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटरवर आहे, मे महिन्यात तो फरक चांगलाच जाणवतो. दिवाळीत मात्र केवळ गारव्यासाठी एवढा प्रवास करावा असं मला वाटत नाही.

अंतराचा हिशेब सरळ आहे. निपाणी, कागल, कोल्हापूर करत पन्हाळा साधारण १३० किलोमीटर. पहाटे निघालात तर न्याहारीला गडावर. महाबळेश्वरला साताऱ्यापर्यंतच सव्वादोनशेच्या वर किलोमीटर होतात, पुढं मेढ्यावरून घाट चढायचा. लहान पोरं आणि म्हातारी माणसं गाडीत असतील तर पहिला दिवस प्रवासातच गेला असं धरा.

पन्हाळ्याचं मोठेपण असं की इथं गाव आणि गड वेगळे नाहीत. सात किलोमीटरच्या वर तटबंदी, आणि तिच्या आत घरं, बाजार, शाळा. शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बाराव्या शतकाच्या अखेरीस गड उभारला, पुढं यादव, बहमनी, आदिलशाही. अफजलखानाच्या वधानंतर अठराच दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ ला, महाराजांनी तो घेतला. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरचा वेढा पडला आणि जुलैतल्या त्या भर पावसाच्या रात्री महाराज विशाळगडाकडं निघाले. शिवा काशीद महाराजांच्या वेशात शत्रूच्या हाती गेले, बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसांनिशी गड परत मिळवला. ताराराणींनी इथूनच कारभार केला आणि १७८२ पर्यंत करवीरची राजधानी इथंच होती. कवी मोरोपंतांचा जन्मही पन्हाळ्याचाच.

आमच्या मुलांनी बाजीप्रभू पाहिलेले असतात ते बेळगावच्या शिवजयंतीतल्या चित्ररथावर. गेल्या खेपेला भाच्याला घेऊन अंबरखान्यात गेलो. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी धान्याची तीन कोठारं आहेत तिथं. गंगा कोठीत पाऊल टाकलं की एकदम गारवा लागतो आणि वरून धान्य ओतायला ठेवलेल्या झरोक्यांतून उजेड खाली पडतो. त्या उजेडात उभं राहून त्यानं विचारलं, ‘मामा, वेढ्यात हेच खात होते?’ मला फार बरं वाटलं. दर दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या पोरानं आता कोठार कुठं असतं ते पाहिलं होतं.

तीन दरवाजा आणि शेजारची अंधारबाव चुकवू नका. बाव तीन मजली आहे, पाणी तळाला, वर पहाऱ्याची जागा. बाहेर पडल्यावर झुणका-भाकर, खर्डा आणि दही खा. आजी-आजोबांनाही पन्हाळा सोपा, कारण बहुतेक ठिकाणांजवळ गाडी जाते. परतताना वाटेत जोतिबाही होतो.

महाबळेश्वरचं तसं नाही. बाजारपेठ, पॉइंट आणि वेण्णा तलाव हे इंग्रजी अमदानीतलं गाव. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमनं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली आणि गाव वसवलं, म्हणून माल्कमपेठ. तुमचा-माझा इतिहास तिथून खाली आहे, जावळीच्या खोऱ्यात आणि प्रतापगडावर. त्यासाठी घाट उतरून पुन्हा पायऱ्या चढायच्या. गुडघे दुखणाऱ्यांना जड जातं. प्रतापगड आणि पन्हाळा, दोन्ही २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

तरी एका गोष्टीसाठी मी महाबळेश्वरला पुन्हा जाईन. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम इथं मानतात. ओंजळभर पाणी घेतलं की आठवतं, हीच कृष्णा पुढं आपल्या जिल्ह्यात उगार-कुडचीच्या उसाला पाणी देते. उसाच्या पट्ट्यातल्या माणसांनी एकदा तरी तिथं जावं.

स्ट्रॉबेरी हवी असेल तर डिसेंबरनंतर जा, दिवाळीत हंगाम जेमतेम सुरू होत असतो. पाचगणीजवळचं भिलार हे पुस्तकांचं गाव वाचणाऱ्या मुलांना आवडेल. मे महिन्यात वेण्णा तलावाजवळ गाड्यांच्या रांगेत तासन्‌तास अडकायची तयारी ठेवा, आणि जून ते सप्टेंबर पॉइंटवरून धुक्याखेरीज काही दिसेल अशी आशा नको.

पावसाळ्यात पन्हाळा मात्र खरा बघावा. फक्त जोराचा पाऊस लागला असेल तर घाट सुरू आहे ना, हे कोल्हापुरात विचारूनच पुढं निघा. २०२१ च्या जुलैत तो रस्ता खचला होता.