पंचवटी, गंगापूर रोड की गोल्फ क्लब? मोसम बघून ठरवा

धाकटी बहीण येत्या जूनमध्ये ठाण्याहून नाशकात राहायला येतेय. सोबत तिसरीत जाणारा मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. भाड्याची तीन घरं तिने बघून ठेवलीत: एक पंचवटीत, एक गंगापूर रोडला, एक गोल्फ क्लब मैदानाजवळ तिडके कॉलनीत. भाडं थोडंफार सारखंच. मग तिने फोनवर विचारलं, "ताई, कुठल्या घराजवळ चांगलं गार्डन आहे? म्हणजे उन्हाळी शिबिरं, कार्यक्रम वगैरे होतात असं?"

मला हसू आलं. बागेत कार्यक्रम होतात हे गृहीतक नाशकाला फारसं लागू नाही. इथे बागेत माणसं फेऱ्या मारतात, कपालभाती करतात, हास्यक्लबात हात वर करून हसतात आणि आठ वाजता मिसळ खायला निघतात. कार्यक्रम असला की मात्र पावलं गंगेवर वळतात. (ठाणेकरांसाठी खुलासा: गंगा म्हणजे गोदावरी. 'गोदावरीवर जाऊन येते' असं म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा.) म्हणून तिन्ही घरांची तुलना करायची तर बागा मोजून भागत नाही. वर्षभराचं कॅलेंडर समोर धरावं लागतं. मी धरलं, ते असं.

ती येणार पावसाच्या तोंडावर, आणि पंचवटीच्या घराची सगळ्यात कमकुवत बाजू तेव्हाच दिसते. एरवी हे घर म्हणजे अंगणात घाट असल्यासारखं, पण गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घाटावरचं सगळं बंद. भेळभत्त्याच्या गाड्या वर सरकतात, बुधवारचा बाजार विस्कटतो आणि गावातला एकमेव कार्यक्रम उरतो तो म्हणजे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं ते बघायला जाणं. गुडघ्यापर्यंत आलं का, कमरेपर्यंत का, छातीपर्यंत? ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती दिसेनासाच झाला होता. पोराला हे एकदा दाखवायलाच हवं, पण पुलावरून, लांबून, आणि हात धरून.

गंगापूर रोडच्या घराला पावसाळा मानवतो. सोमेश्वरचा धबधबा जवळ, आणि धरणाच्या बाजूची हिरवाईही. मात्र रविवारी सोमेश्वरला जाऊ नका. अर्ध्या नाशकाला तीच कल्पना सुचलेली असते, आणि निसरड्या खडकांवर सेल्फी काढणाऱ्यांच्या गर्दीत आठ वर्षांच्या मुलाला सांभाळणं ही सहल नव्हे, ड्युटी आहे. नदीकाठचा गोदापार्कही पुराच्या दिवसांत विसरायचा. पाऊस उघडीप देईल त्या सकाळी पांडवलेणीचा पायथा मला जास्त भरवशाचा वाटतो. पोरगा बापाबरोबर पायऱ्या चढून वर लेणी बघेल (एकूण चोवीस आहेत, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख), सासूबाई खाली बसतील. शेजारी नेहरू वनोद्यान आहे आणि फाळके स्मारकही. तिन्ही घरांपासून पांडवलेणीला गाडी लागतेच, त्यातल्या त्यात तिडके कॉलनीतून मुंबई नाक्याने सरळ हायवेला लागता येतं.

नवरात्रात पारडं फिरतं, आणि तेही तिडके कॉलनीच्या विरोधात. जुन्या आग्रा रोडला कालिकामातेची यात्रा भरते. पाळणे, खेळणी, भांड्यांची दुकानं, पहाटेपासून दर्शनाच्या रांगा. पोरांची चंगळ. पण नऊ दिवस त्या बाजूची वाहतूक वळवलेली असते, आणि घरी गाडी आणायची म्हणजे गल्ल्यांचा अभ्यास लागतो. यात्रा चालत जाण्याच्या अंतरावर असणं हे सुख की ताप, हे ज्याच्या त्याच्या कानांवर अवलंबून. माझ्या मते मूल दहाच्या आत असेल तर सुख.

दिवाळीच्या पाडव्याला पहाटे नेहरू चौकात पिंपळपारावर गाण्याची मैफल होते. पाराभोवती बसून, शाल पांघरून, उजाडेपर्यंत शास्त्रीय गाणं ऐकायचं. तिकीट नाही, पण जागाही नाही. उशिरा आलेला माणूस उभाच राहतो. पंचवटीकरांना हे पूल ओलांडून पायी, बाकीच्यांना पहाटे चारला उठून गाडी लावायला जागा शोधायची.

हिवाळ्याबद्दल फार लिहीत नाही, कारण हिवाळ्यात नाशकात कुठेही राहा, सुखच आहे. फरक फक्त सकाळच्या चालण्याचा. गोल्फ क्लबचं मैदान म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेऱ्यांचं नाव त्याला आहे, पण रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब'च सांगावं लागतं. तिथला जॉगिंग ट्रॅक आणि कॉलेज रोडच्या बाजूचा कृषीनगरचा ट्रॅक, या दोघांच्या निष्ठावंतांत पुण्यातल्या पेठांइतकं वैर आहे. कृषीनगरला सावली जास्त, माणसं ओळखीची, गप्पा लांबणाऱ्या. गोल्फ क्लबवर मोकळं आकाश आणि मध्ये क्रिकेट. अधूनमधून रणजीचा सामनाही इथे होतो, आणि मुलाला खऱ्या खेळाडूंना इतक्या जवळून बघता येणं ही मुंबईतही सहज न मिळणारी गोष्ट आहे. उलट बाजू अशी की मोठी सभा किंवा सोहळा आला की मैदान आठवडाभर आपलं राहत नाही. थंडी सरता सरता महापालिकेचा पुष्पोत्सव शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात भरतो. तो तिन्ही घरांना सारखाच, आणि सासूबाईंना नक्की न्यावा असा.

आता खरा मोसम: फाल्गुन ते वैशाख. घराचा निकाल इथे लागतो, म्हणून जरा सावकाश लिहिते.

नाशकात रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला. आणि रंगपंचमीला दोन पर्याय असतात: सोसायटीच्या आवारात पिचकाऱ्या, नाहीतर गावातल्या रहाडी. रहाड म्हणजे पेशवाईपासूनचा जमिनीखालचा दगडी हौद. वर्षभर वरून बुजवलेला असतो, आपण त्याच्यावरून चालत-गाडी चालवत जातो आणि कळतही नाही. पंचमीच्या आधी उकरून, साफ करून, पाण्याने भरून पूजा करतात, आणि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. तिवंध्याचा पिवळा. शनिचौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा अशा ठिकाणी दुपारनंतर झुंबड उडते आणि माणसं एकामागून एक त्यात धप्पा मारतात. धप्पा म्हणजे अशी उडी की काठावरचे सगळे भिजले पाहिजेत. त्या रंगाचा डाग कपड्यांवर नव्हे, कातडीवर दोन-तीन दिवस राहतो आणि ऑफिसात तो मिरवायचा असतो. आठ वर्षांच्या मुलाला आत उतरवू नका. पाणी खोल, गर्दी बेफाम, कोण कुणाच्या अंगावर पडेल सांगता येत नाही. काठावर बापाच्या खांद्यावरून बघणं पुरे. पण बघायलाच हवं. पंचवटीच्या घरातून शनिचौक हाकेच्या अंतरावर, आणि भिजलेल्या अंगाने पायी घरी येता येतं, ही सोय लहान नाही. गंगापूर रोडहून आलात तर ओल्या पोराला कुठल्या सीटवर बसवायचं हा प्रश्न पडतो. मी एकदा सीटवर जुनी सतरंजी टाकून हा प्रयोग केला होता. सीट पिवळी झाली ती झालीच.

त्यानंतर गुढीपाडवा. आधीचे काही दिवस गंगेवर पाडवा पटांगणात ढोलांचं महावादन, महारांगोळी, शेकडो कलाकारांचा गायन-वादन-नृत्याचा 'अंतर्नाद' असे कार्यक्रम होतात. मग काळाराम मंदिराचा रामनवमी उत्सव आणि चैत्र शुद्ध एकादशीला रथयात्रा. रामरथ आणि गरुडरथ असे दोन रथ. गरुडरथ नदी ओलांडून गावात जातो, रामरथ ओलांडत नाही. रामरथापुढे मानाचे बुवा रथाकडे तोंड करून, उलट्या पावली चालतात. पोरांना हा प्रकार भलताच आवडतो. माझ्या नाशकातल्या भाच्याने पुढचे आठ दिवस घरात उलटं चालून दोन कप फोडले होते. या सगळ्याला पंचवटीला तोड नाही, हे मी गंगापूर रोडला राहूनही कबूल करते.

आणि मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला. गंगेवर देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या पटांगणावर, उघड्या आकाशाखाली, जवळजवळ महिनाभर रोज संध्याकाळी एक वक्ता. शंभरी ओलांडलेली परंपरा आहे ही. विषय काहीही असू शकतो: अर्थसंकल्प, हृदयविकार, ज्ञानेश्वरी, शेअर बाजार, कधी मुलाखत, कधी गाणं. प्रवेश सगळ्यांना खुला. दिवसभर पारा चाळिशीला टेकलेला असतो, पण सूर्य मावळला की नदीवरून वारा सुटतो आणि त्या वाऱ्यात कंटाळवाणा वक्तासुद्धा सोसवतो. आवडला नाही तर उठून भेळभत्ता खायला जाता येतं, आणि वक्त्याला त्याचं वाईट वाटत नाही, कारण भोंग्यातून त्याचा आवाज तिथवरही येतो.

पण दिवस? उन्हाळी सुट्टीत मुलाचे दिवस कसे जाणार? इथे पंचवटीचं घर मागे पडतं आणि तिडके कॉलनी पुढे येते. त्र्यंबक रोडला महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव, घरापासून सायकलच्या अंतरावर. महात्मा गांधी रोडला यशवंत व्यायामशाळा. मुंबई नाक्याजवळ मुलांचं ट्रॅफिक पार्क, जिथे छोट्या रस्त्यांवर सिग्नल पाळायला शिकवतात. (मोठ्यांनाही पाठवायला हवं.) आणि मैदान तर समोरच.

पोहणं की मल्लखांब, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. पोहण्याच्या बॅचला एप्रिल-मेमध्ये गर्दी इतकी, की तलावात पाणी कमी आणि डोकी जास्त. एका वर्षी मी नाशकातल्या भाच्याच्या प्रवेशासाठी एका तलावावर सकाळी सहाला रांगेत उभी राहिले आणि साडेनऊला कळलं की डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं होतं. खिडकीवर आधी कुणी सांगितलं नाही, पाटीही नव्हती. तेव्हा कागद आधी गोळा करा, आणि शक्य असेल तर मार्चमध्येच नाव घाला, मेमध्ये नव्हे. व्यायामशाळेत गर्दी कमी नसते, पण गुरुजींचं लक्ष जास्त असतं. मल्लखांबाचं श्रेय दुसऱ्या बाजीरावांच्या दरबारातल्या बाळंभटदादा देवधरांना देतात, म्हणजे मुलगा जे शिकेल ते मातीतलंच. तीन आठवड्यांत तो पोहायला निश्चित शिकेल, मल्लखांबावर फक्त तेल लावून घसरायला शिकेल. पण पोहण्याची उन्हाळी बॅच मे संपला की संपते आणि व्यायामशाळा वर्षभर चालू राहते. मला विचाराल तर पहिल्या उन्हाळ्यात पोहणं, जूनपासून व्यायामशाळा. मूल अंगाने अगदी नाजूक असेल तर उलट क्रम लावा.

गंगापूर रोडचं घर या सगळ्यात कुठे? मधोमध, आणि म्हणून थोडं मागे. त्याच्या बाजूने दोन गोष्टी. एक म्हणजे गंगापूर नाक्याजवळचं कुसुमाग्रज स्मारक, जिथे व्याख्यानं, कविता आणि प्रदर्शनं होत असतात आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी तर गर्दी असतेच. दुसरं, प्रमोद महाजन उद्यानासारख्या बागा, जिथे मुलाला रोज संध्याकाळी झोपाळा मिळेल आणि सासूबाईंना बाकडं. रोजच्या राहणीला गंगापूर रोड उत्तम. पण बहिणीने विचारलं होतं ते मोसमाचं, आणि मोसम तिथून जरा लांबून जातात.

एक सावधगिरी. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी घाटांवर आणि तपोवनाच्या बाजूला कामं सुरू आहेत, आणि कुंभाच्या काळात पंचवटीतली ये-जा पोलिसांच्या नियोजनानुसार चालेल. पर्वणीच्या दिवशी गाडी घरापासून कुठे थांबवतील, ते कुणी सांगू शकत नाही. ज्यांना कुंभ खिडकीतून बघायचाय त्यांनी पंचवटी घ्यावी. ज्यांना त्या वर्षी नोकरीवर वेळेत पोहोचायचंय त्यांनी विचार करावा. बहिणीचा नवरा रोज अंबडला एमआयडीसीत जाणार आहे.

म्हणून माझं मत तिडके कॉलनी. गंगा रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर, सणाचे दिवस सोडून. सणाच्या दिवशी रिक्षापेक्षा सिटीलिंकची बस धरून पंचवटीत निमाणीला उतरावं आणि पुढे चालावं, गाडी नेण्याचा मोह टाळावा. मुलगा रोज मैदानावर, वर्षातून दहा-बारा संध्याकाळी सगळे गंगेवर. मुलगा लहान नसता, जावई घरून काम करत असते, तर मी पंचवटीच सांगितली असती, आणि कुंभाची गैरसोयही सोसायला सांगितली असती.

हे सगळं मी बहिणीला फोनवर तासभर सांगितलं. ती म्हणाली, बघते. मग पलीकडून सासूबाईंनी फोन घेतला. त्यांना रथ, रहाड, तलाव कशातच रस नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या व्याख्यानाला बसायला खुर्च्या असतात ना?"

असतात. पण पुढची हवी असेल तर साडेसहालाच जाऊन रुमाल टाकावा लागतो.