‘पथ्य नाही, व्यायाम नाही’ : माझ्या ताईची फसवणूक

सांगलीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला एका सेंटरने वजन उतरवून देतो म्हणत अठ्ठावीस हजारांना गंडवलं. पैसे गेले ते गेलेच, वर ब्लडप्रेशर इतकं चढलं की रात्री दवाखाना गाठावा लागला. तिला विचारूनच हे लिहिते आहे, कारण अशी सेंटरं आता तालुक्याच्या गावांतही दिसतात.

चौकातल्या फ्लेक्सवर लिहिलं होतं, ‘दीड महिन्यात १५ किलो. पथ्य नाही, व्यायाम नाही. लेखी हमी.’ औषधाने लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. औषधे आणि जादूटोण्याच्या उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या त्या कायद्यात आजारांची यादीच दिली आहे आणि लठ्ठपणा तिच्यात आहे. फ्लेक्स मात्र राजरोस लागतात.

पहिल्या भेटीत काय केलं ते नीट वाचा. ताई संध्याकाळी चहा-नाश्ता करून गेली होती. गेल्या गेल्या तिला दोन मोठे ग्लास ‘डिटॉक्स’ पाणी पाजलं आणि मग अनवाणी मशीनवर उभं केलं. स्क्रीनवर वजन, चरबी आणि खाली लाल अक्षरांत ‘बॉडी एज ६१’. ताईचं वय ४६. सेंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, घाबरू नका, पण उशीर करू नका.” ही यंत्रं शरीरातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून चरबीचा अंदाज बांधतात, अंगातलं पाणी कमीजास्त झालं की आकडे हलतात. पुढच्या वेळी तिला मुद्दाम सकाळी, उपाशीपोटी बोलावलं. मधल्या दिवसांत भात, भाकरी बंद करून ‘शेक’वर, म्हणजे पावडर घोळलेल्या पेयावर ठेवलेलं होतं. असं खाणं तोडलं की सुरुवातीला जे उतरतं त्यात बराच भाग पाण्याचा असतो. काटा चार किलो खाली आला, टाळ्या वाजल्या, फोटो काढला, आणि त्याच टेबलावर पुढच्या पॅकेजचे पैसे भरून घेतले.

पावतीवर ‘सल्ला शुल्क’ एवढंच. औषधाचा उल्लेख नाही. तळाला बारीक अक्षरांत ‘रक्कम परत मिळणार नाही’.

वजन अडकल्यावर पांढरी प्लॅस्टिकची डबी दिली, ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून. डबीवर नाव नाही, बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही, घटक नाहीत. कॅप्सूल सुरू झाल्यावर ताईची भूकच मेली. तोंडाला कोरड, रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधड. तिने सेंटरवर विचारलं तर उत्तर आलं, “चरबी वितळतेय, शरीर साफ होतंय, आणि बीपीची गोळी आता हळूहळू सोडा.” मला सर्वांत जास्त संताप या वाक्याचा येतो. ज्या रात्री दाजी तिला घेऊन डॉक्टरांकडे धावले, तेव्हा बीपी १८०/११० होतं. डॉक्टरांनी डबी उलटसुलट करून पाहिली आणि कॅप्सूल तिथल्या तिथे बंद करायला लावल्या. वजन उतरवण्याच्या ‘हर्बल’ मालात सिब्युट्रामिन मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. भूक मारणारं हे औषध बीपी आणि हृदयाचे ठोके वाढवतं, म्हणून २०११ साली भारतात त्यावर बंदी आली. ताईच्या डबीत काय होतं ते तपासणीतच कळेल.

ताई शिकलेली, हिशोबाला पक्की बाई आहे. ती अडकली ती सेंटरने मोबाइलवर काढलेल्या ग्रुपमुळे. रोज सकाळी कोचचा मेसेज, ‘ताई, पाणी प्यालात का?’ रात्री ताटाचा फोटो मागायचे. घरात ती सगळ्यांना वाढून शेवटी जेवते. ती काय खाते हे कुणी विचारलेलंच नव्हतं. माणसाला सोबत लागते, आणि या लोकांनी तीच भाड्याने दिली. पैसे परत मागितले त्या दिवशी तिला ग्रुपमधून काढून टाकलं.

आता शासकीय रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांनी तिची दिवसभराची विचारपूस केली. खोट कुठे होती? दुकान बंद करून दाजी येईपर्यंत जेवण साडेदहाला. त्याआधी चहाबरोबर बिस्किटं, फरसाण. आणि जेवण झाल्यावर कढईत उरलेली भाजी, मुलांच्या ताटातला भात, टाकवत नाही म्हणून पोटात. आता ती मुलांबरोबर आठला जेवते, उरलेलं डब्यात जातं, तेलाची बुधली महिन्याच्या हिशोबाने निघते. शेजारच्या काकू संध्याकाळी हाक मारतात, दोघी चालून येतात. पाऊस असला की जिन्यातच चढउतार. रविवारी दाजी भाजी चिरतात. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ, असं आहारतज्ज्ञांनी आधीच बजावलं होतं. काही आठवडे काटा हलतही नाही. बीपीची गोळी चालू आहे.

तुमच्या घरात असं काही चालू असेल तर डबी फेकू नका. डबी, पावत्या, यूपीआयच्या नोंदी, ग्रुपमधले मेसेज सगळं जपून ठेवा. ग्रुपमधून काढण्याआधीच स्क्रीनशॉट घ्या. औषधाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार होते, पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. ‘रक्कम परत मिळणार नाही’ हे छापलेलं वाचून गप्प बसू नका, त्या ओळीने तुमचा तक्रारीचा हक्क जात नाही. आणि अशा बिननावाच्या कॅप्सूल कुणी घेत असेल, धडधड होत असेल, तर तक्रार नंतर करा. आधी आजच डबी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि बीपी मोजून घ्या.