पितळी पातेल्यांवर शिवकालीन जेवण : एक हंगाम वापरल्यानंतर

दिवाळीच्या सुमारास नाशिकच्या भांडी बाजारातून कल्हई केलेली, म्हणजे आतून कथलाचा थर दिलेली, मोठी पितळी पातेली आणि पराती घेतल्या. तेव्हापासून शिवजयंतीपर्यंत रामशेज किल्ल्याच्या पायथ्याला, आशेवाडीत, मावळ्यांच्या वेशात इतिहासातले प्रसंग उभे करणाऱ्या गटांना जेवण पुरवलं. पातेल्यांना पैकीच्या पैकी मार्क. पण हिशेब नीट बसवला नाही तर धंदा आतबट्ट्याचा.

जाड बुडामुळे चुलीचा जाळ कमीजास्त झाला तरी वरण खाली लागत नाही. लाकडं ओढून घेतली तरी पंगत उठेपर्यंत गरम राहतं, थंडीतल्या वाऱ्यातसुद्धा.

खरी कटकट कल्हईची. कथील 232 अंशांना वितळतं. फोडणीसाठी रिकामं पातेलं तापत ठेवलं की कल्हई गेलीच. म्हणून फोडणी लोखंडी कढईत करून वरून ओततो. चिंच-आमसुलाची आमटी कल्हई शाबूत असेल तरच, ताक मात्र मडक्यातच. आतून तारेची घासणी अजिबात नको. हंगामात मध्येच पुन्हा कल्हई करावी लागली. नवसागर टाकल्यावर पांढरा धूर उठतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की काळवंडलेलं बूड बघता बघता चांदीसारखं होतं. ते बघायला मजा येते, पैसे देताना येत नाही.

मेन्यूत बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा नाही. हे सगळं अमेरिकेकडचं. मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांनी आणलेली. शिवकाळात ती ताटात किती होती यावर गटागटांत हुज्जत चालते. मी पिठल्यात मिरे, लसूण, जिरं घालतो आणि चटणी तीळ-जवसाची करतो. मिसळीच्या तर्रीवर वाढलेल्या नाशिककराला पहिला घास फिका लागतो, हे ऑर्डर घेतानाच सांगून टाकावं. आणि रामशेजचा 1682 चा मोगली वेढा उभा करणाऱ्यांनाही भाकरीवर गूळ-तूप लागतंच!

आता दराचं. माणशी अडीच भाकरी, किलोला दहा-बारा. म्हणजे पन्नास पानांना बारा किलो बाजरीचं पीठ. पीठ स्वस्तच, महाग पडतात भाकरी थापणारे हात. दोन चुली आणि दोन मावश्या नसतील तर शेवटची पंगत ताटकळते. टेम्पो, लाकूड, मजुरी हा खर्च तीस माणसं आली काय न् पन्नास आली काय, तेवढाच. सुरुवातीला नुसता ताटाचा दर सांगायचो, त्यात माणसं गळाली की भुर्दंड माझ्यावर. आता उभारणीचे 4,000 रुपये वेगळे, आगाऊ. त्यातच कल्हईचा वाटा धरलाय. ताटाचे 180, पळसाच्या पत्रावळी-द्रोणांसकट. आकडा दोन दिवस आधी पक्का, नंतर कमी होणार नाही. पिण्याच्या पाण्याचे जार मात्र गोणपाटाखाली लपवतो, तिथे इतिहास परवडत नाही.

वर्षाला दोन-तीनच ऑर्डरी असतील तर पातेली विकत घेऊ नका, भाड्याने आणा. आणताना आत हात फिरवून कल्हई बघा. पिवळं दिसलं तर तिथेच परत द्या.