विकिपीडिया आणि जुन्या गाण्यांचे वेडे: बरीच वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमच्या सोसायटीत दर दोन-तीन महिन्यांनी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असतो आणि निवेदन माझ्याकडे असतं, त्यामुळे गीतकार कोण, चाल कोणाची, साल कुठलं हे बघायला मी जवळजवळ रोज विकिपीडिया उघडते. इतकी वर्षं फुकट वापरतेय तर एकदा नीट लिहावं म्हटलं.

सुरुवात माझ्या चुकीपासून. मागच्या गणपतीत 'भातुकलीच्या खेळामधली' घेतलं होतं, मी घाईघाईत एका गाण्यांच्या बोलांच्या साईटवरून (विकिपीडिया नव्हे) माहिती उचलली आणि माईकवर सांगून मोकळी झाले, संगीत श्रीनिवास खळे. पुढच्या रांगेतले एक काका, ऐंशीच्या पुढचे, मध्यंतरात काठी टेकत आले आणि हळूच म्हणाले, "बाळ, ते देवांचं आहे, खळ्यांचं नाही." पाडगावकरांचे शब्द, अरुण दात्यांचा आवाज, यशवंत देवांची चाल. 'शुक्रतारा'मध्येही पाडगावकर आणि दाते, पण ते खळ्यांचं, म्हणून कोणीतरी गोंधळ केला असणार आणि तो पुढच्यांनी कॉपी केला असणार. मला त्या रात्री झोप लागली नाही. एखाद्या माणसाने आयुष्य घालून केलेलं काम आपण शंभर लोकांसमोर दुसऱ्याच्या नावावर टाकतो, ही साधी गोष्ट नाहीये.

तेव्हापासून मी विकिपीडिया वेगळ्या पद्धतीने वाचायला लागले. आता मी लेखाआधी वरचं 'इतिहास पहा' दाबते. कोणी कधी काय बदललं, आधी काय होतं, सगळं तारखेनिशी दिसतं. मग 'चर्चा' पान, आणि मग खालचे संदर्भ. वाक्यापुढे 'संदर्भ हवा' असं दिसलं तर ते वाक्य माईकवर जात नाही. हे सगळं उघड दिसतं म्हणून मी विकिपीडियाला बोलांच्या साईट्सपेक्षा खूप वरचा मानते, कारण त्या साईट्सवर चूक कोणी केली आणि कधी, हे कळायला काहीच मार्ग नसतो.

पण गाण्यांच्या बाबतीत खरा त्रास आपण चाहतेच देतो. प्रेमापोटी. लताबाईंच्या गाण्यांचा आकडा घ्या. गिनीजने 1974 च्या आवृत्तीत निदान 25,000 गाणी असं छापलं, रफीसाहेबांनी त्याला हरकत घेतली, पुढे 1991 मध्ये ती नोंदच काढून टाकली. नंतर 2011 ला आशाताईंच्या नावावर 11,000 पर्यंत गाण्यांची नोंद झाली आणि 2016 ला पी. सुशीला यांच्या नावावर 17,695. इंग्रजी विकीवर हा वाद मांडलेला आहे, ज्याला वाचायचा त्याला वाचता येतो. तरी 6 फेब्रुवारी 2022 ला बाई गेल्या तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर काय फिरत होतं आठवा, कोणी 25 हजार, कोणी 30 हजार, कोणी थेट 50 हजार. आकडा कमी सांगितला तर बाईंचा अपमान होतो असं लोकांना वाटतं. का वाटावं? एक 'आयेगा आनेवाला' पुरेसं आहे की.

आणि त्याच गाण्याची गंमत बघा, 'महल' 1949 चा, त्या वेळच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव! रेडिओवर लोकांनी विचारणा केली तेव्हा खरं नाव बाहेर आलं. म्हणजे हातात अस्सल तबकडी असली तरी डोळे मिटून चालत नाही. 'साधी माणसं'चा संगीतकार आनंदघन म्हणजे लताबाईच, हे ज्याला माहीत नाही तो आनंदघनला वेगळा माणूस समजून मोकळा होईल.

बाहेरचं एक उदाहरण सांगते, 2009 चं. मोरिस जार, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चे संगीतकार, मार्चमध्ये वारले. डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या पानावर स्वतः बनवलेलं एक भावुक वाक्य त्यांच्या तोंडी घातलं, मुद्दाम, कोण तपासतंय हे बघायला. विकीच्या संपादकांनी संदर्भ नाही म्हणून ते काढलं, त्याने परत टाकलं, त्यांनी परत काढलं. आणि तेवढ्या वेळात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आपल्या भारतातल्यासुद्धा वर्तमानपत्रांनी ते उचलून मृत्युलेखात छापलं. त्याने स्वतः कळवेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. मला यात सगळ्यात भीती कशाची वाटते तर पुढच्या पायरीची, उद्या कोणी तेच वर्तमानपत्र संदर्भ म्हणून विकीवर लावलं की खोटं वाक्य पक्कं झालं, त्याला छापील आधार मिळाला.

दुसरी एक गोष्ट मला आवडत नाही पण पटते. विकीवर स्वतःची आठवण चालत नाही, आधी कुठेतरी छापलेलं लागतं. आमचे ते पुढच्या रांगेतले काका सवाई गंधर्वच्या मंडपात रात्र रात्र बसलेले, कोणी काय गायलं त्यांना पाठ आहे, पण ते म्हणजे संदर्भ नव्हे. नियम बरोबरच आहे, नाहीतर प्रत्येक जण आपापली मैफल लिहील. पण काकांसारख्यांचं कोणी कधी छापलंच नाही, ते त्यांच्याबरोबर जाणार.

म्हणूनच डिस्कॉग्ज, म्हणजे रेकॉर्ड्सची नोंद ठेवणारी साईट, मला आवडते. ते पण लोकांनीच भरलेलं, 2000 पासून चालू, पण तिथला नियम असा की रेकॉर्ड तुमच्या हातात असली तरच नोंद करा. लेबलचे फोटो असतात, नंबर असतो. मराठी मात्र फारच कमी सापडतं. मराठी गाण्यासाठी मी आधी 'आठवणीतली गाणी' बघते, ती साईट कोणीही उठून बदलू शकत नाही, आणि मग विकीशी जुळतंय का ते बघते.

तर माझा हिशोब असा: चित्रपटाचं साल, कलाकार, पुरस्कार, जन्म-मृत्यूच्या तारखा यासाठी इंग्रजी विकीला चार स्टार. गाण्यांची संख्या, 'पहिलं गाणं', राग यासाठी दोन, आणि तेही संदर्भ उघडून वाचलात तर. मराठी विकी 2003 पासून आहे, कळकळीने लिहिणारे आहेत पण हात कमी पडतात, त्याला मी स्टार देत नाही, वेळ देतेय. तिथे लिहायला खातं उघडलं, दोन मिनिटं लागली. 

येत्या रविवारी काकांकडे जाणार आहे. त्यांच्याकडे पलंगाखाली दोन पेट्या तबकड्या आहेत, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंच्या लेबलचा फोटो काढायचाय, नंबर नीट वाचता येईल असा. काकांनी सांगितलंय मऊ फडकं घेऊन ये आणि सकाळी ये, खिडकीतून ऊन येतं तेव्हा अक्षरं दिसतात.