शेजारची दोन घरे, दोन नळ: लंडन, १८५४

दक्षिण लंडनच्या उपनगरांत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली तेव्हा एकाच रस्त्यावर दोन पाणीपुरवठा कंपन्यांचे नळ होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२मध्ये पाणी उपसण्याची जागा थेम्सच्या वरच्या अंगाला, भरतीच्या टप्प्याबाहेर, थेम्स डिटनला हलवली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल मात्र बॅटरसीलाच पाणी उपसत राहिली. तिथे शहराचे सांडपाणी भरतीबरोबर परत येई.

नळ कोणाचा हे अनेक भाडेकरूंना ठाऊक नसे. मग पटकी दूषित पाण्यातून पसरते असे मानणारे डॉ. जॉन स्नो पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून पाहत. बॅटरसीच्या पाण्यात मीठ सुमारे ४० पट, त्यामुळे पांढरा साका दाट.

पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे मृत्यू: साउथवर्क ३१५, लॅम्बेथ ३७. हवा तीच, वस्ती तीच. त्याच साली स्नो यांनी साथीचे मूळ ठरवलेल्या, ब्रॉड स्ट्रीटच्या गाजलेल्या पाण्याच्या पंपापेक्षा पटकी पाण्यातून पसरते याचा हा पुरावा कितीतरी भक्कम आहे.